टेलिप्रिंटरच्या खडखडाटापासून एफटी८ पर्यंत: डिजिटल मोडच्या प्रात्यक्षिकाची पार्श्वभूमी

हौशी रेडिओ क्लबात डिजिटल मोडचं, म्हणजे मजकूर संकेतांत बदलून रेडिओनं पाठवायच्या पद्धतींचं, प्रात्यक्षिक ठेवलं की एक प्रश्न हमखास येतो: "पडद्यावर अक्षरं उमटली हे खरं, पण ती तर मोबाइलवरही उमटतात. मग यात रेडिओचं विशेष ते काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या मेनूत मिळत नाही, त्यासाठी इतिहासात जावं लागतं. आज आपण यादीतून सहज निवडतो तो जवळजवळ प्रत्येक मोड कुणाला तरी छळणाऱ्या अडचणीतून जन्माला आला. कुठे अक्षरं गळत होती, कुठे एकाच कंप्रतेवर गर्दी होत होती, कुठे चंद्रावरून परतणारा संकेत कानाला ऐकूच येत नव्हता. ती अडचण आधी दाखवली तर समोर बसलेल्यांना मोड समजतो. म्हणून प्रात्यक्षिकाची तयारी करणाऱ्यानं ही पार्श्वभूमी माहीत करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

तसं पाहिलं तर मोर्सही डिजिटलच: लहर चालू किंवा बंद. पण मोर्स वाचणारा कान माणसाचा असतो. संदेश यंत्रानं वाचायचा ठरला की प्रत्येक अक्षर सारख्या लांबीचं असलं तर सोयीचं पडतं, कारण यंत्राला अंदाज बांधता येत नाही. फ्रेंच तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला पाच बिट, म्हणजे पाच 'चालू किंवा बंद' खुणा, होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोनाल्ड मरे यांनी त्या संकेतांची मांडणी बदलली आणि पुढे तीच आंतरराष्ट्रीय मानक बनली. पाच बिटांत जुळण्या फक्त ३२ होतात. अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं एवढ्यात मावत नाहीत. म्हणून एक संकेत 'आता अक्षरं' असं सांगतो, दुसरा 'आता अंक' असं. ही तडजोड लक्षात ठेवावी, प्रात्यक्षिकात ती फार उपयोगी पडते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर वापरातून निघालेली टेलिप्रिंटर यंत्रं स्वस्तात हौशी लोकांच्या हाती पडली. अमेरिकेत १९४६ च्या सुमारास २ मीटर बँडवर सुरुवातीचे प्रयोग झाले. शॉर्टवेव्हवर लहरीची कंप्रताच मागेपुढे सरकवण्याची परवानगी तिथल्या हौशींना १९५३ मध्ये मिळाली आणि रेडिओ टेलिटाइप, म्हणजे आरटीटीवाय, समुद्रापार पोचला. दोन कंप्रतांमधलं अंतर आधी ८५० हर्ट्झ असे, पुढे १७० हर्ट्झ रूढ झालं. वेग ४५.४५ बॉड (सेकंदाला तेवढे बिट), म्हणजे एका बिटाला सुमारे २२ मिलिसेकंद. मिनिटाला साठ शब्दांच्या यंत्राला हाच वेग लागे, आणि यंत्रं मोडीत निघून दशकं लोटली तरी हौशी बँडांवर तो टिकून आहे.

त्या काळी डिजिटल मोड दाखवणं सोपं होतं, कारण यंत्रच सगळं दाखवत असे. दोन टोनांचा थरथरता आवाज, त्याच्या तालावर खडखडणारे लोखंडी दांडे, कागदावर उमटणारी ओळ, बाजूला लोंबणारी भोकं पाडलेली पट्टी. कुठल्या आवाजाचं कुठलं अक्षर झालं हे खोलीतल्या कुणालाही दिसत असे. ट्यूनिंग दाखवायला ऑसिलोस्कोपवर दोन लंबवर्तुळांचा क्रॉस आणायचा. यंत्र जुळवायला आर आणि वाय ही अक्षरं पाठोपाठ पाठवत, कारण त्यांचे पाचही बिट एकमेकांच्या नेमके उलट असतात. आजच्या प्रात्यक्षिकात हे सारं एका खिडकीत मिटून गेलं आहे. त्यामुळे दाखवणाऱ्याचं काम वाढलं आहे: लपलेली साखळी त्याला मुद्दाम उघडून दाखवावी लागते.

आरटीटीवायची दुबळी बाजूही त्याच्यावरच दाखवावी. चूक ओळखायची सोयच त्यात नाही. एक बिट उलटला तर भलतंच अक्षर छापलं जातं. 'आता अंक' हा संकेतच गोंगाटात हरवला तर पुढचे आकडे अक्षरं होऊन येतात: ५९९ या अहवालाच्या (संकेत उत्तम ऐकू येतो असं सांगणाऱ्या आकड्याच्या) जागी टी-ओ-ओ. जुन्या ऑपरेटरांना हे इतकं सवयीचं असतं की टी-ओ-ओ दिसलं तरी ते ५९९ असंच वाचतात. संकेत जाणूनबुजून कमजोर करून ही गफलत पडद्यावर आणली की लोक पुढे सरकून बघतात. पुढच्या अर्धशतकातले प्रयत्न कशासाठी झाले, हे त्या एका ओळीत दिसतं.

याच ठिकाणी एक आडवळण घ्यावं असं मी सुचवेन. जर्मन संशोधक रुडोल्फ हेल यांनी १९२९ मध्ये वेगळीच युक्ती काढली. त्यांच्या हेलश्रायबरमध्ये अक्षराचा संकेत पाठवला जात नाही, ठिपक्याठिपक्यांनी त्याचं चित्रच पाठवलं जातं. कागदावर मजकूर एकाखाली एक असा दोनदा उमटतो, त्यामुळे यंत्रांचा ताल थोडा चुकला तरी एक तरी ओळ अखंड वाचता येते. गोंगाट झाला तर कागद मळकट होतो, पण अक्षर बदलत नाही, कारण शेवटचा निवाडा डोळा करतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस साउंडकार्डामुळे (कॉम्प्युटरच्या आवाज घेणाऱ्या-सोडणाऱ्या भागामुळे) हा मोड हौशी लोकांत पुन्हा जिवंत झाला. शेजारी आरटीटीवाय ठेवून तो दाखवला तर यंत्रानं वाचणं आणि माणसानं वाचणं यांतला फरक दोन मिनिटांत कळतो.

चूक पकडणारी पहिली सोय शॉर्टवेव्हवर आली ती जहाजांच्या टेलेक्सवरून. ब्रिटनच्या पीटर मार्टिनेझ यांनी, हौशी जगात जी३पीएलएक्स या कॉलसाइननं (परवान्याबरोबर मिळणाऱ्या ओळखनावानं) त्यांना सगळे ओळखतात, सागरी सिटॉर पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस हौशी वापरासाठी बेतली. तीच ॲमटॉर. प्रत्येक अक्षराला सात बिट, त्यांतले चार एका जातीचे आणि तीन दुसऱ्या. ही मोजणी जुळली नाही तर अक्षर बिघडलंय हे यंत्राला कळतं. एक केंद्र तीन अक्षरं पाठवून थांबतं, समोरचं केंद्र 'मिळालं' किंवा 'पुन्हा पाठव' म्हणतं, आणि हा फेरा दर ४५० मिलिसेकंदांनी चालू राहतो. त्याची लयबद्ध चिवचिव एकदा ऐकली की विसरत नाही. संवादातली पोचपावती इथे कानांनी ऐकता येते, म्हणून जुनं ध्वनिमुद्रण असेल तर जरूर ऐकवावं.

मग कॉम्प्युटर घराघरांत आले. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूनं १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं होतं: अनेक केंद्रं, एकच कंप्रता, प्रत्येकानं छोटी पाकिटं सोडायची आणि टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा. मॉन्ट्रियलच्या हौशींनी मे १९७८ मध्ये ही पाकिटांची पद्धत, म्हणजे पॅकेट, आपल्या बँडवर चालवून दाखवलं. अमेरिकेत आस्की, म्हणजे कॉम्प्युटरचे अक्षरसंकेत, वापरायची मुभा १९८० मध्ये मिळाली. व्हँकुव्हर आणि टूसॉन इथल्या हौशी गटांनी टर्मिनल नोड कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटर आणि रेडिओ यांच्यामध्ये बसून पाकिटं बांधणारी-सोडवणारी टीएनसी ही पेटी, तयार केली आणि १९८४ मध्ये एएक्स.२५ या प्रोटोकॉलची (पॅकेटच्या नियमावलीची) दुसरी आवृत्ती छापून निघाली. टूसॉनच्या गटाची सर्किटं जोडणीच्या संचांतून जगभर गेली. क्लबातले लोक ती हातानं जोडत आणि आपलं काम सभेत मांडत. त्या दशकातलं प्रात्यक्षिक बहुधा असंच असे: १२०० बॉडचा खरखरीत फुत्कार, आणि पाठोपाठ शेजारच्या गावातल्या संदेशपेटीतली यादी पडद्यावर. १९८६ मध्ये जपानी हौशींचा फुजी-ऑस्कर १२ हा उपग्रह आला तेव्हा ती संदेशपेटी पृथ्वीभोवती फिरू लागली.

पॅकेटमधूनच पुढे बॉब ब्रुनिंगा यांचं एपीआरएस, म्हणजे केंद्रांची ठिकाणं आणि छोटे संदेश सगळ्यांना कळवणारं तंत्र, निघालं. ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झालं. नकाशावर ठिपका सरकताना बघायला कुणालाही आवडतं, म्हणून प्रात्यक्षिकात त्याला जागा मिळतेच. पण ब्रुनिंगा यांचा आग्रह नकाशापुरता नव्हता. या क्षणी या परिसरात काय चाललंय हे एकाच वेळी सगळ्यांना कळावं, हा त्यांचा हेतू होता. ठिपक्यांच्या कौतुकात तो बुडू देऊ नये.

खरी क्रांती झाली ती साउंडकार्डानं. तोवर प्रत्येक मोडला वेगळी पेटी लागे. पोलंडच्या पावेल यालोहा यांच्या संथ फेज-बदलाच्या (लहरीचा टप्पा उलटवून बिट पाठवण्याच्या) प्रयोगावरून मार्टिनेझ यांनी पीएसके३१ घडवला आणि डिसेंबर १९९८ मध्ये तो साध्या कॉम्प्युटरवर चालण्याजोगा करून सगळ्यांपुढे ठेवला. त्यात विचार माणसाच्या बाजूनं केलेला होता. माणूस मिनिटाला साधारण पन्नास शब्द टाइप करतो, मग त्याहून वेगवान संकेत हवा कशाला? सेकंदाच्या ८००० ध्वनिनमुन्यांना २५६ नं भागलं की ३१.२५ येतात. कॉम्प्युटरच्या ध्वनिनमुन्यांच्या हिशेबात हा बॉड चपखल बसला. मोर्सप्रमाणेच इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या अक्षराला लहान संकेत मिळाला: ई साठी दोन बिट, मोकळ्या जागेसाठी एकच. आरटीटीवायचा एक संवाद जेवढी जागा खातो तेवढ्यात पीएसके३१ चे कितीतरी मावतात.

या मोडबरोबरच वॉटरफॉल लोकांच्या सवयीचा झाला: वरून खाली सरकणारं चित्र, त्यात प्रत्येक केंद्राची एक उभी रेघ. टेलिप्रिंटर गेल्यापासून प्रात्यक्षिकात हरवलेली दृश्यता यानं काही अंशी परत आणली. १४.०७० मेगाहर्ट्झच्या आसपास रेघा दिसल्या की त्यांतल्या एकीवर टिचकी मारायची आणि कुणाचं तरी वाक्य उलगडू लागतं. खोलीत अँटेना नसली तरी हा मोड दाखवता येतो. एका लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज सोडायचा, दुसऱ्याच्या मायक्रोफोननं तो ऐकायचा. मधल्या हवेत जे घडतं ते सगळ्यांच्या कानांवर पडतं. आवाज हळूहळू कमी करत न्यावा आणि अक्षरं कुठे तुटतात ते लोकांनाच टिपू द्यावं. उलट आवाज फार वाढवून ट्रान्समीटरला दिला तर एका रेघेच्या दोन्ही बाजूंना आणखी रेघा फुटतात. शेजाऱ्याला त्रास देणारी ही चूकही वॉटरफॉलवर ढळढळीत दिसते, तेव्हा ऑडिओची पातळी कशी लावायची हे याच वेळी शिकवून टाकावं.

पीएसके३१ ला चुका दुरुस्त करता येत नाहीत आणि ध्रुवाजवळून येणाऱ्या डळमळीत संकेतांपुढे तो हतबल होतो. ती उणीव भरायला २००० मध्ये एमएफएसके१६ आला आणि त्यानंतर काही वर्षांत यालोहा यांचा ऑलिव्हिया. दोन्हींत अनेक टोन आणि जोडीला दुरुस्तीचे जादा बिट. ऑलिव्हिया संथ आहे, पण कानाला नुसता गोंगाट ऐकू येत असताना पडद्यावर स्वच्छ वाक्य उमटतं, तेव्हा सभेत कुजबुज सुरू होते.

इथून पुढची वाट जो टेलर यांच्याकडे जाते. १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्याबरोबर त्यांनी जोडतारा-पल्सार (दुसऱ्या ताऱ्याबरोबर फिरणारा, नियमित रेडिओ-स्पंद सोडणारा तारा) शोधला आणि त्यासाठी दोघांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गोंगाटात गाडलेला नियमित संकेत वर काढणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. ते कसब त्यांनी हौशी रेडिओत आणलं. २००१ मध्ये उल्कांच्या शेपटीवरून सेकंदाच्या अंशापुरता उसळणारा संकेत पकडणारा एफएसके४४१ आला. मग चंद्रासाठी जेटी६५. चंद्रावर आदळून परत यायला लहरीला अडीच सेकंद लागतात आणि १४४ मेगाहर्ट्झवर या प्रवासात सुमारे २५० डेसिबल गळतात. पूर्वी प्रचंड अँटेना असणाऱ्यांपुरता असलेला हा खेळ साध्या केंद्रांच्या आवाक्यात आला तो कोडिंगमुळे, म्हणजे संदेशात गुंफलेल्या दुरुस्तीच्या जादा बिटांमुळे.

एफटी८ स्टीव्ह फ्रँके आणि टेलर यांनी २०१७ च्या मध्यात आणला. ६ मीटर बँड काही मिनिटांपुरता उघडतो आणि जेटी६५ चा मिनिटामिनिटाचा फेरा तेवढ्यात पुरा होत नाही, ही त्यामागची अडचण. म्हणून फेरा १५ सेकंदांचा केला. त्यात ७७ बिटांचा संदेश, १४ बिटांची तपासणी आणि ८३ बिट चुका दुरुस्त करायला. आठ टोन, ५० हर्ट्झ रुंदी, १२.६४ सेकंदांचं प्रक्षेपण. २५०० हर्ट्झ रुंदीतल्या गोंगाटाहून २१ डेसिबल खाली असलेला संकेतही तो वाचतो. म्हणजे गोंगाटाच्या जेमतेम सव्वाशेव्या हिश्श्याइतका. दोन्हीकडची घड्याळं साधारण सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. प्रात्यक्षिकाआधी घड्याळ जुळवायला विसरू नये, नाहीतर वॉटरफॉल भरलेला आणि खालची यादी रिकामी अशी अवस्था होते.

प्रात्यक्षिकाची सुरुवात एफटी८ नं करू नये, असं माझं ठाम मत आहे. मोड अप्रतिम आहे, पण दर पंधरा सेकंदांनी भरणारी यादी बघून नवख्याला वाटतं की सगळं यंत्रच करतंय. आधी टी-ओ-ओ पाहिलेलं असेल, ॲमटॉरची चिवचिव ऐकलेली असेल, तर त्या ८३ जादा बिटांची किंमत त्याला कळते.

डी-स्टार, डीएमआर यांसारखे डिजिटल आवाजाचे मोड वेगळ्या सत्रात घ्यावेत. डीएमआरचा इतिहास व्यावसायिक वॉकीटॉकीशी आणि दोन्हींचा आवाज आकुंचित करणाऱ्या कोडेकशी जोडलेला आहे. एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे: आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वेगवेगळ्या देशांतल्या हौशींमधला संवाद अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करता येत नाही. वर आलेल्या बहुतेक मोडची रचना म्हणूनच उघडी आहे, आणि सभेतला कुणीही घरी जाऊन साधा रिसीव्हर व कॉम्प्युटर यांवर ते वाचू शकतो.

एफटी८ मधून गप्पा हद्दपार झाल्या ही तक्रार जुन्यांकडून ऐकू येते, आणि तिच्यात तथ्य आहे. ७७ बिटांत कॉलसाइन, ठिकाण आणि अहवाल बसतात, मोकळं वाक्य म्हणून जेमतेम तेरा अक्षरं. २०१८ मध्ये आलेल्या जेएस८कॉलनं एफटी८ चाच पाया घेऊन मोकळा मजकूर पुन्हा आणला: फेऱ्यामागून फेरा जोडत, संथ, पण हवं ते लिहिता येणारा. सत्राच्या शेवटी कीबोर्ड परवानाधारक सदस्यांच्या हाती द्यायचा असेल तर याच मोडवर द्यावा.