मागे सरणारी रेषा आणि सोलापूरची ज्वारी

सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा पाऊस आणि पिकाचा उतारा यांचं नातं आकड्यांत मांडायचं गणित तयार होतं. ते मात्र शेतातून आलेलं नव्हतं. फ्रेंच गणिती लेजांद्र यांनी न्यूनतम वर्ग पद्धत १८०५ मध्ये छापली ती धूमकेतूंच्या कक्षांसाठी: आलेखावरच्या प्रत्येक बिंदूचं त्यांतून ओढलेल्या रेषेपासूनचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि त्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान येईल ती रेषा खरी मानायची.

अशा रेषेच्या गणिताला 'रिग्रेशन' म्हणतात; हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांचा. १८८६ मध्ये त्यांनी २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंच्या मांडल्या, स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून. आईवडील सरासरीहून ३ इंच उंच असले, तर मुलं सरासरीहून साधारण २ इंचच उंच निघत. हे मागे सरणं म्हणजे रिग्रेशन. सहसंबंध गुणांक म्हणजे दोन गोष्टी किती घट्टपणे एकत्र बदलतात ते सांगणारा -१ ते १ मधला आकडा; त्याचं आज वापरतो ते सूत्र कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये पक्कं केलं.

हे मागे सरणं दुष्काळी भागात फार फसवतं. समजा, यंदा सर्वांत कमी उतारा आलेली २० गावं निवडून तिथे बांधबंदिस्ती केली. पुढच्या वर्षी तिथला उतारा बहुधा वाढेलच, काम केलं नसतं तरी. यंदाच्या नीचांकात वाईट नशिबाचाही वाटा असतो आणि तो दरवर्षी तसाच येत नाही. म्हणून तितकाच कमी उतारा आलेली, पण काम न झालेली गावंही मोजायला हवीत. नाहीतर श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं.

भारतात सहसंबंधाचं हे गणित पावसाला लावलं गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ पासून ते हवामान खात्याचे प्रमुख होते. हिमालयातला बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब असे घटक घेऊन त्यांनी मान्सूनचा अंदाज बांधला. धोकाही त्यांनीच ओळखला: खूप घटक तपासले की त्यांतला सर्वांत मोठा गुणांक निव्वळ योगायोगानेही मोठा दिसतो. पाच टक्के पातळीवर, म्हणजे संबंध नसतानाही तो दिसण्याची पाच टक्के शक्यता चालवून घेत, पावसाशी आणि एकमेकांशी संबंध नसलेले २० घटक तपासले, तर एखादा तरी खोटा 'लक्षणीय' ठरण्याची शक्यता ६४ टक्के असते.

दुसरी सावधगिरी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उडनी यूल यांची. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या गरिबांच्या मदतीवर लिहिताना त्यांनी तळटीपेत बजावलं की 'यामुळे' लिहिलंय तिथे काटेकोरपणे 'याच्याशी निगडित' असं वाचावं. सहसंबंधात्मक अभ्यासाची मर्यादा ती हीच. इथे संशोधक काहीही बदलत नाही, जे आहे ते मोजतो.

आपल्या शेतातच बघा. खताच्या पोत्यांची संख्या आणि ज्वारीचा उतारा यांचा गुणांक चांगला येतो. पण खोल काळ्या रानाचा शेतकरी खतही जास्त टाकतो आणि त्याची ओलही टिकते. मुरमाड रानाच्या शेतकऱ्याचा हात आखडता असतो. जमिनीची खोली समीकरणात घेतली की खताचा उतार-गुणांक, म्हणजे एक पोतं वाढलं की उतारा किती वाढतो तो आकडा, बराच घसरू शकतो.

पावसाचंही तेच. वर्षाचा एकूण पाऊस घेतला तर रब्बी ज्वारीशी नातं पातळ दिसतं, कारण हे पीक साठलेल्या ओलीवर येतं. जूनच्या पावसापासून उत्तरा-हस्ताचा पाऊस वेगळा मोजा. मग प्रत्येक वर्षाचा अवशेष, म्हणजे खरा उतारा वजा रेषेवरचा उतारा, आलेखावर मांडा. अतिपावसाची वर्षं रेषेखाली एकत्र पडली, तर नातं सरळ रेषेचं नाही. गुणांक ०.८ आला तरी तिथे सरळ रेषा ओढू नये.