आजीचा घोगरा आवाज आणि 'प'-'ब' चं गणित

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की बाळाशी घरातल्या एकाच माणसाने आणि एकाच भाषेत बोलावं, नाहीतर बाळ गोंधळतं आणि उशिरा बोलतं. पाठवणारा चुलतभाऊ, ज्याला स्वतःला पोरंबाळं नाहीत, ते असो. पण वहिनीने ते मनावर घेतलं, कारण आमच्याकडे परिस्थिती बरोब्बर उलटी आहे.

म्हणजे असं, की दादा-वहिनी आधी अंधेरीला राहायचे. वहिनीची २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आली तसं पाळणाघरं बघून झाली, कुठे काही जमेना, मग दोघं भांडुपला आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली भाड्याने आले. त्यामुळे चिऊ, वय महिने १४, दिवसभर आमच्याकडे. आजी, आजोबा, मी, संध्याकाळी आत्या, समोरच्या गुजराती बेन ज्या "दीकरी दीकरी" करत तिला उचलून नेतात, कामाच्या ताई ज्यांचं सगळं हिंदीत, आणि बुधवार-शुक्रवार येणारी मासेवाली मावशी जी 'ळ' ला 'ल' म्हणते आणि जिची हाक गेटवरून चौथ्या मजल्यावर स्पष्ट पोचते. वहिनी म्हणाली, "भावजी, एवढ्या गोंगाटात हिला काय कळणार?"

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, ध्वनी हा माझा आवडता धडा, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याचा होता.

भाषांचं आधी उरकून टाकतो. दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल गोंधळत नाही. अशा मुलांचा एकेका भाषेतला शब्दसाठा सुरुवातीला थोडा कमी भरतो, पण सगळ्या भाषांचे मिळून मोजले की हिशेब साधारण तेवढाच येतो, आणि पहिला शब्दही साधारण त्याच वयात येतो. मुंबईत तर हे वेगळं सांगायलाच नको. संपलं.

खरी गंमत 'एकाच माणसाने बोला' या भागात आहे.

'ब' आणि 'प' मधे फरक काय? दोन्हीला ओठ मिटतात, दोन्हीला उघडतात. फरक आहे तो वेळेचा. 'ब' म्हणताना ओठ उघडायच्या आधीच गळ्यातले स्वरतंतू थरथरायला लागतात (गळ्यावर बोट ठेवून बघा), 'प' ला ओठ उघडल्यावर जेमतेम १०-१५ मिलिसेकंदांनी, आणि ओठ मिटून म्हटलेल्या अस्सल 'फ' ला आधी हवेचा झोत जातो आणि स्वरतंतू त्याच्याही मागून, म्हणजे साठ-सत्तर मिलिसेकंदांनी सुरू होतात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. १९६४ मधे लिस्कर आणि अब्रामसन या दोन संशोधकांनी हा वेळ ११ भाषांमधे मोजला आणि त्या अकरात मराठी होती, हे मला कळलं तेव्हा मी स्टाफरूममधे सगळ्यांना सांगत फिरलो होतो, कुणालाच विशेष वाटलं नाही.

आता बाळाच्या जागी जाऊन बघा. त्याला 'बाबा' ऐकू येतं तेव्हा ते काही 'बाबा' असं लेबल लावून येत नाही. त्यात आवाजाची पट्टी आहे, वेग आहे, आईची सर्दी आहे, कुकरची शिट्टी आहे, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी ते काही मिलिसेकंद आहेत. यातलं कामाचं काय आणि फेकून द्यायचं काय, हे त्याला कुणी सांगत नाही.

रोस्ट आणि मॅकमरे या अमेरिकन संशोधकांनी २००९ मधे १४ महिन्यांच्या, म्हणजे आमच्या चिऊएवढ्या बाळांना दोन नवीन वस्तू दाखवल्या. एकीचं नाव 'बुक', दुसरीचं 'पुक', दोन्ही बनवलेली नावं. खूपदा ऐकवून झाल्यावर मुद्दाम अदलाबदल केली, म्हणजे वस्तू 'बुक' ची आणि नाव 'पुक' चं. बाळाला चूक कळली तर ते जास्त वेळ टक लावून बघतं, एवढी साधी परीक्षा. सगळी नावं एकाच माणसाच्या आवाजात ऐकलेली बाळं नापास झाली, त्यांना अदलाबदल कळलीच नाही. आणि तीच नावं १८ वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकलेल्या बाळांना ती कळली!

आपल्याला वाटतं उलटं व्हायला हवं, एकच स्वच्छ आवाज सोपा जायला हवा. पण समजा तुम्ही जन्मभर एकाच बाईच्या हातचे उकडीचे मोदक खाल्लेत. एकवीस कळ्या, वर केशराची काडी, खाली हळदीचं पान. तर मोदक म्हणायला यातलं नेमकं काय लागतं हे तुम्हाला कळणार कसं? कदाचित केशराशिवाय मोदक होतच नसेल. दहा घरचे मोदक खाल्ले की आपोआप कळतं की केशर असतं-नसतं, पान असतं-नसतं, पण उकड आणि आतलं सारण कायम. जे बदलत राहतं ते बाजूला पडतं, जे बदलत नाही ते उरतं.

तसंच इथे. आजीचा घोगरा, आत्याचा चिरका, दादाचा खर्ज, यात पट्टी बदलते, वेग बदलतो, आणि 'ब' चा 'ब'पणा तेवढा जागेवर राहतो. त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी हेही तपासलं की फायदा नक्की कशाने होतो. त्यांनी फक्त तो मिलिसेकंदांचा वेळच थोडा मागेपुढे केला, बाकी आवाज तोच ठेवला, तर उपयोग झाला नाही. तो वेळ जागेवर ठेवून बोलणारे बदलले तर झाला. म्हणजे बिनकामाच्या गोष्टींमधली विविधताच कामाची! जरा डोकं गरगरतं खरं, पण परत एकदा वाचा, संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ज्या अक्षावर डेटा पसरलेला असतो त्या अक्षाला बाळ कमी वजन देतं आणि ज्यावर तो गठ्ठ्यांनी बसतो त्याला जास्त. (इथे वहिनी उठून कुकर बंद करायला गेली ती परत आली नाही.)

हे सगळं लवकर सुरू होतं. १९८४ मधे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांमधल्या बाळांना चक्क हिंदीतला 'ट' आणि 'त' ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेकांना फरक कळत होता, दहा ते बारा महिन्यांच्या मोजक्याच बाळांना. घरात जो फरक वापरातच नाही तो वर्षाच्या आत बाजूला टाकला जातो. आपल्याकडे 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून दाखव, लिहायला एकच आणि 'ज' वेगळे, हा फरक कान असाच घरातून उचलतो, शाळेतून नाही.

पण मग टीव्ही लावून ठेवला की झालं, त्यात तर शेकडो आवाज? नाही. सिएटलच्या पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मधे नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली, १२ बैठका, प्रत्येकी साधारण २५ मिनिटं, समोर बसून पुस्तकं-खेळणी घेऊन. सगळे मिळून जेमतेम पाच तास, पण एक अवघड चिनी फरक त्यांना तैवानच्या बाळांइतका ओळखता यायला लागला. तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं त्या बाळांच्या पदरात काहीही पडलं नाही. म्हणून संध्याकाळच्या मालिकांमधल्या सासवा मोजायच्या नाहीत. वहिनीचे आईबाबा सांगलीहून व्हिडिओ कॉल करतात ते मात्र वेगळं, कारण तिथे समोरचा माणूस हिच्या 'दा' ला लगेच उत्तर देतो, आणि दोन ते अडीच वर्षांची मुलं लाइव्ह कॉलवरून नवी क्रियापदं शिकतात, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही, असं २०१४ च्या एका प्रयोगात दिसलंय. सहा महिन्यांच्या बाळाला 'जीनियस' करणारी फ्लॅशकार्डांची अॅप विकणाऱ्यांनी हे वाचलेलं नसावं, किंवा वाचून गप्प बसले असावेत.

आणि वेखंड! चिऊ सात महिन्यांची असताना आमच्या आईने "वाचा फुटायला" म्हणून वेखंड मधात उगाळायला घेतलं होतं. वेखंडाने जीभ सुटते याला काही आधार नाही, पण माझं खरं भांडण मधाशी आहे. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडू शकतात. आई म्हणाली, तुला पण दिलेला. मी म्हटलं, वाचलो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, हे प्रयोग एकत्र कुटुंबांवर केलेले नाहीत, त्यामुळे 'आजी जवळ असली की मूल लवकर बोलतं' असा उलटा फॉरवर्ड कृपा करून माझ्या नावाने फिरवू नका. अंधेरीत दोघांनीच वाढवलेलं मूलही बोलतंच. नुसती डोकी वाढून काही होत नाही, आमचे आजोबा दिवसभर घरात असतात पण पेपरमधून मान वर काढत नाहीत, त्यांचा आवाज अठरातला म्हणून मी धरत नाही.

आणि जवळच्या गोतावळ्याचा एक तोटा मला फार जाणवतो. मूल बोलत नसेल तर दहा जण सांगायला असतात की अगं याचा काका पण चार वर्षांनी बोलला. तो काका मी, आणि माझ्या डाव्या कानात पू व्हायचा हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वर्ष होत आलं तरी बाळ बा-बा-दा-दा करत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कानाची तपासणी. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे, कित्येक मोठ्या हॉस्पिटलांमधेही सोय असते, नवजात बाळाची तर झोपेतच होते आणि दुखत नाही.

चिऊची झाली आहे, दोन्ही कान ठीक. वहिनीने 'एकाच माणसाने बोला' हा नियम मागे घेतला. सध्या ती मासेवाल्या मावशीला, बेनना आणि गॅस सिलिंडरवाल्याला सगळ्यांना "बाबा" म्हणते, दादा सोडून.