क्लच जड झाला म्हणून एअर काढू नका

पावसाळाभर झाकून ठेवलेली मोठी मोटारसायकल दिवाळीच्या सुमारास बाहेर काढली की अनेक स्वारांची एक तक्रार हमखास ऐकू येते: क्लच दाबता दाबता बोटे भरून येतात. गॅरेजमधले उत्तरही बहुधा ठरलेले असते, ‘एअर काढून टाकू.’ तासाभरात नवे ब्रेक ऑइल पडते, पैसे दिले जातात, आणि क्लच होता तितकाच जड राहतो. तसे होणारच, कारण नळीत शिरलेल्या हवेमुळे हायड्रॉलिक, म्हणजे वायरीऐवजी द्रवावर चालणारा, क्लच जड होत नाही. हवेमुळे तो मऊ, पोकळ होतो. जडपणा आणि पोकळपणा हे दोन निराळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

आपल्याकडच्या रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच वायरवर चालतो. सुझुकी हायाबुसासारख्या मोठ्या गाड्यांत वायरीचे काम द्रव करतो. लीव्हर दाबला की हँडलवरील मास्टर सिलिंडरचा दट्ट्या द्रव पुढे ढकलतो, तो द्रव नळीवाटे इंजिनावर बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये पोहोचतो, तेथील दट्ट्या पुशरॉड नावाच्या पोलादी कांडीला रेटतो, आणि ती कांडी क्लच प्लेटा आवळून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला स्प्रिंगांच्या जोराविरुद्ध उचलून क्लच प्लेटा मोकळ्या करते. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा शाळेत शिकलेला पास्कलचा नियम येथे कामाला येतो. पास्कलचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

समजा, मास्टरच्या दट्ट्याचा व्यास १४ मिमी आणि स्लेव्हच्या दट्ट्याचा ३५ मिमी आहे. क्षेत्रफळे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, म्हणून स्लेव्हकडे बल ६.२५ पट होते. मात्र मास्टरचा दट्ट्या १० मिमी सरकला तर स्लेव्हचा केवळ १.६ मिमी सरकतो. बल जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने सरकणे घटते. अशीच वाटणी वायरीच्या क्लचमध्ये लांब-आखूड भुजांनीही करता येते, त्यामुळे ‘हायड्रॉलिक आहे म्हणजे हलका असणारच’ ही समजूत खरी नाही. द्रवाने होणारा लाभ इतकाच, की वळणावळणांवर घासणारी वायर उरत नाही आणि प्लेटांच्या झिजेनुसार क्लच आपोआप जुळवून घेतो. लहान गाड्यांवर अलीकडे जो लोण्यासारखा मऊ क्लच मिळतो, त्याचे श्रेय पुष्कळदा ‘असिस्ट’ प्रकारच्या रचनेला असते: तीत इंजिनाचाच जोर तिरप्या खाचांमधून प्लेटा आवळायला मदत करतो, म्हणून कमी ताकदीच्या स्प्रिंगा पुरतात.

आता हवेचा हिशेब पाहू. वरच्या उदाहरणातील मास्टर पूर्ण दाबल्यावर सुमारे १.५ घन सेंमी द्रव ढकलतो. प्लेटा सोडवायला पुशरॉडवर १०० किलो वजनाइतके बल लागत असेल, तर नळीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण १० पट अधिक होतो. द्रव या दाबाला जवळजवळ आकसत नाही, पण अर्ध्या घन सेंमीचा हवेचा बुडबुडा अकराव्या हिश्श्याइतका होतो. म्हणजे लीव्हरची जवळपास ३० टक्के चाल तो बुडबुडा चेपण्यातच संपते. परिणामी लीव्हर हँडलला टेकला तरी क्लच पुरता सुटत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो आणि सिग्नलवर न्यूट्रल सापडत नाही. या लक्षणांवर एअर काढणे हा योग्य उपाय आहे. हवा वर चढते, म्हणून पिचकारीने खालून, स्लेव्हच्या निपलमधून (हवा आणि द्रव बाहेर सोडण्यासाठी सैल करायच्या छोट्या पोकळ स्क्रूमधून) द्रव वर चढवणे हे लीव्हर पंप करत बसण्यापेक्षा अनेकदा लवकर साधते. मास्टरपाशी नळी जोडणारा पोकळ बँजो बोल्ट तेथल्या द्रवाच्या टाकीपेक्षा उंच राहत असेल तर बुडबुडा तेथेच अडकून बसतो. अशा वेळी हँडल वळवून तो बोल्ट खाली आणावा लागतो.

जडपणाचा शोध मात्र दुसऱ्या टोकापासून घ्यावा लागतो, आणि त्याची सुरुवात सर्वांत स्वस्त जागेपासून करावी. लीव्हर काढून त्याची खीळ आणि दट्ट्याला टेकणारी जागा साफ करून ग्रीस लावावे. जडपणाचा काही भाग पुष्कळदा या दोन वाळलेल्या जागांतच असतो. त्यानंतर स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडावे, निपल सैल करून लीव्हर हळू दाबावा आणि निपल पुन्हा आवळल्याशिवाय लीव्हर सोडू नये. निपल उघडा असताना स्प्रिंगांचे बल लीव्हरपर्यंत पोहोचतच नाही. तरीही लीव्हर जड लागला तर दोष मास्टरमध्ये किंवा आतून फुगून बुजलेल्या नळीत आहे, आणि हलका लागला तर पुढे जावे.

पुढचा संशयित स्लेव्ह आहे. हायाबुसामध्ये क्लच उजव्या बाजूला आणि स्लेव्ह डाव्या बाजूला असतो. पुशरॉड गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून आरपार जातो. त्यामुळे स्लेव्हचे घर पुढच्या स्प्रॉकेटशेजारी, चेनचे ग्रीस आणि चिखल जेथे उडतो अशा जागी येते. स्लेव्हचे बोल्ट काढून तो बाहेर घ्यावा आणि दट्ट्या अंगठ्याने आत ढकलून पाहावा. तो सावकाश पण सलग आत जायला हवा. न गेल्यास निपल उघडून पुन्हा ढकलावा: आता सहज गेला तर अडथळा वर नळीत किंवा मास्टरमध्ये आहे, आणि तरीही अडला तर दट्ट्या गंजला आहे किंवा रबरी सील फुगले आहे. स्लेव्ह बाहेर असताना लीव्हर चुकूनही दाबू नये, अन्यथा दट्ट्या उडून बाहेर येतो आणि द्रव अंगावर व रंगावर सांडतो. हा द्रव रंग खातो, म्हणून पाणी हाताशी ठेवावे. त्याच वेळी पुशरॉड सरळ आहे ना, आणि तो शाफ्टमध्ये विनासायास सरकतो ना, हेही बघून घ्यावे.

गंजामागे बहुधा द्रवच असतो. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक फ्लुइडच्या प्रती) हे तेल नव्हे. ते ग्लायकॉल गटातील रसायनांचे मिश्रण असून हवेतील ओल शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात त्याला ओलीची वाण नसते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो किमान १५५ अंश राहिला तरी मानकाला चालतो. क्लचच्या बाबतीत उकळण्यापेक्षा मोठी अडचण अशी, की ओलसर द्रव ॲल्युमिनियमला खातो आणि तळाशी काळपट गाळ साठवतो. याउलट काही क्लच खनिज तेलावर चालतात. त्यांत ब्रेक फ्लुइड टाकले, किंवा ब्रेक फ्लुइडच्या क्लचमध्ये खनिज तेल टाकले, तर रबरी सीले नासतात, आणि फुगलेले सील हे जडपणाचे आयते कारण ठरते. टाकीच्या झाकणावर लिहिलेले वाचणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कमी कष्टाचा उपाय आहे.

सर्व भाग मोकळे निघाले तर जडपणा स्प्रिंगांचा, म्हणजे मूळ रचनेचाच आहे. अशा वेळी मोठ्या व्यासाचा स्लेव्ह बसवता येतो. २८ मिमीच्या जागी ३० मिमीचा स्लेव्ह बसवल्यास लागणारे बल सुमारे १३ टक्क्यांनी घटते, पण प्लेटांची उचलही तेवढीच घटते. ज्या गाडीत ती आधीच काठावर आहे, तेथे न्यूट्रल सापडणे कठीण होते. नरम स्प्रिंगा बसवण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण मग चढावर क्लच घसरू लागतो.

क्लच घसरण्याचे आणखी एक कारण मास्टरमध्ये दडलेले असते. लीव्हर पूर्ण सुटला की एक अतिशय बारीक छिद्र टाकी आणि नळी यांना जोडते. ते गाळाने बुजले, किंवा हौसेने लावलेला बाजारू लीव्हर दट्ट्याला किंचित दाबून धरू लागला, तर इंजिनाच्या उष्णतेने प्रसरण पावलेल्या द्रवाला परत जायला वाट उरत नाही आणि गाडी तापल्यावर क्लच अर्धवट दाबल्यासारखा वागतो.

शेवटी टाकी भरताना ब्रेकची सवय बाजूला ठेवावी लागते. ब्रेकचे पॅड झिजले की त्याच्या टाकीतील पातळी उतरते. क्लचच्या प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉड स्लेव्हचा दट्ट्या मागे रेटतो आणि टाकीतील पातळी चढते. त्या चढणाऱ्या द्रवासाठी वरच्या खुणेच्या थोडी खाली जागा सोडूनच झाकण लावावे.