मीटर म्हणतो ठीक, मग फुलपात्रं का वाजतं?

रात्री साडेनऊला समोरच्या लॉन्सवर संगीत रंगात आलं, की आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यावरचं पालथं फुलपात्रं किणकिणायला लागतं. गाण्याचे शब्द कळत नाहीत, चालही धड ओळखू येत नाही. येतो तो फक्त ठोका: धड्, धड्, धड्. काकूंना ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी तक्रार केली, माणूस आवाज मोजायचा मीटर घेऊन आला, लॉन्सच्या फाटकापाशी आकडा बघितला आणि "मर्यादेतच आहे काकू" असं सांगून गेला.

मीटर बिघडलेला नव्हता, आणि काकूही वाढवून सांगत नव्हत्या. घोळ आहे तो मीटरच्या एका अक्षरात.

आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा घालतात. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० डेसिबल जास्त चालतात, म्हणजे दिवसाच्या वेळेत ६५. पण हे साधे डेसिबल नाहीत, 'डेसिबल ए' आहेत. आपल्या कानाला हळू आवाजातला खर्ज फारसा ऐकू येत नाही. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून याचे आलेख काढले. पुढे मीटरही कानासारखं ऐकावं म्हणून 'ए' ही चाळणी आली, आणि तिला आधार घेतला तो हळू आवाजाच्या आलेखाचा. ही चाळणी सेकंदाला ६३ कंपनांच्या, म्हणजे ६३ हर्ट्झच्या आवाजातून तब्बल २६ डेसिबल वजा करते. डीजेचा ठोका नेमका याच टापूत असतो. फाटकापाशी ६३ हर्ट्झचा नुसता ठोका ९० डेसिबलचा असेल, तर मीटर दाखवेल ६४. नियमात बसला! पण आवाज मोठा झाला की आपला कान खर्जाला इतका बहिरा राहत नाही. शांत आवाजासाठी बेतलेली चाळणी आपण ढणढणाटाला लावतो आहोत.

खऱ्या गाण्यात वरचे सूरही असतात, त्यामुळे फाटकावरचा आकडा याहून चढतो, हे खरं. पण ते सूर काकूंच्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. भिंत जितकी जड आणि आवाज जितका वरच्या सुरातला, तितका तो अडतो. कंपनसंख्या निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद ढोबळमानाने ६ डेसिबलनी घटते. खिडकी लावली की गायिका गप्प होते, ठोका तेवढा आत येतो.

आत आल्यावर तो खोलीत कसा वागतो, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर. अकरा फुटी खोलीत तिची अर्धी लहर भिंतीपासून भिंतीपर्यंत चपखल बसते. मग समोरासमोरच्या भिंतींपाशी दाब सर्वात जास्त आणि खोलीच्या मध्यावर सर्वात कमी, अशी ती तिथेच ठाण मांडते. तपासणीचा माणूस खोलीत आलाच, तर उभा राहतो मधोमध. काकूंची उशी असते भिंतीला टेकलेली.

"स्पीकरचं तोंड फिरवलंय" या उत्तरानेही बेसपुरता फरक पडत नाही. बेसच्या खोक्यातला पडदा अर्ध्या मीटरचा, लहर सात मीटरची. इतकी मोठी लहर तोंडापुढे जाते तशीच पाठीमागेही जाते. "आवाज निम्मा केलाय" हेही तसंच. ॲम्प्लिफायरची शक्ती निम्मी केली तर फक्त ३ डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल उतरवावे लागतात, म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर आणावी लागते.

त्यात आपली लग्नसराई. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच सुमारास थंडीही पडते. दिवसा जमीन तापलेली, वरची हवा गार, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हे उलटं होतं. जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार थर राहतो. उबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो, म्हणून वरचा भाग पुढे सरकतो आणि आवाज खाली वाकून लांबच्या घरांवर उतरतो. पुण्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात नदीकाठाने लॉन्सची रांगच आहे. अशा सखल जागी गार हवा आणखी साचते. पलीकडच्या काठावरचा माणूस "आज आवाज जवळच आल्यासारखा वाटतोय" म्हणाला, तर तो त्याचा भास समजू नये.

झोपेत कान मिटत नाहीत. जाग आली नाही तरी आवाजासरशी नाडी आणि रक्तदाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीसाठी ३० 'डेसिबल ए' ही पातळी सुचवली, आणि आवाजात खर्ज जास्त असेल तर त्याहूनही कमी हवी, असं सांगितलं.

यावर उपाय आहेत आणि ते महागडेही नाहीत. बहुतेक चांगल्या मीटरवर 'सी' चाळणीचं बटण असतं. ती ६३ हर्ट्झला एक डेसिबलसुद्धा कापत नाही. जर्मनीच्या डीआयएन ४५६८० या मानकात 'सी' आणि 'ए' या आकड्यांतला फरक २० डेसिबलहून जास्त भरला, तर खर्जाची वेगळी तपासणी करायची पद्धत आहे. आपल्या नियमांतही ती यायला हवी. लॉन्सवाल्यांना बेसची खोकी पुढे-मागे मांडून, मागच्यांना किंचित उशिरा आणि उलट्या कलेत, म्हणजे पडदा बाहेरऐवजी आत ढकलत, वाजवून पाठीमागचा ठोका बराचसा मारता येतो. ध्वनियोजना करणाऱ्यांना ही मांडणी ठाऊक असते.

आता काकूंच्या नव्या अर्जात आम्ही दोनच मागण्या लिहिल्या आहेत: मोजणी 'ए' आणि 'सी' दोन्हींवर करावी, आणि मीटर फाटकाबरोबरच उशीपाशीही धरावा.