ई-मेल कुणी पाठवला? टॉरपर्यंतची आणि टॉरनंतरची वाट

ई-मेलचा मजकूर कुलूपबंद करण्याची सोय १९९१ साली फिल झिमरमन यांच्या पीजीपी या प्रोग्रॅममुळे सर्वसामान्यांच्या हाती आली. पण मजकूर झाकला तरी कुणी, कुणाला, किती वाजता आणि कुठल्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या जोडणीच्या क्रमांकावरून लिहिलं, हे उघडंच राहतं. कार्यालयातला गैरव्यवहार पत्रकाराला कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला धास्ती असते ती या नोंदींचीच. टॉरवरून, म्हणजे कोण कुठे जातंय हे लपवणाऱ्या संगणकांच्या जाळ्यातून, ई-मेल वापरण्याचा खटाटोप लोक करतात, तो त्यासाठी.

या प्रश्नाला पहिल्यांदा नीट हात घातला डेव्हिड चॉम यांनी. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात संशोधन करत असताना, फेब्रुवारी १९८१ मध्ये त्यांनी माग काढता न येणाऱ्या ई-मेलवर निबंध प्रसिद्ध केला. पत्र एका पाकिटात, ते पाकीट दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात. आणि प्रत्येक पाकीट वाटेतल्या एका ठरावीक संगणकालाच उघडता येईल, अशी ती रचना. त्या संगणकाला फक्त मागचा आणि पुढचा मुक्काम कळतो. शिवाय आलेलं पत्र तो लगेच पुढे धाडत नाही. पुरेशी पत्रं साठली की क्रम बदलून एकदम सोडतो. त्यामुळे बाहेरून ये-जा न्याहाळणाऱ्यालाही आत गेलेलं कोणतं आणि बाहेर आलेलं कोणतं, याचा मेळ लावता येत नाही. या संगणकांना त्यांनी ‘मिक्स’ म्हटलं. पाठवणारा आणि घेणारा ही दोन्ही नावं कुणा एकाकडे कधीच नसावीत, हा त्यामागचा विचार. पुढची सगळी पडझड हा विचार सुटला तिथेच झाली, असं मला वाटतं.

पहिला धडा फिनलंडमध्ये मिळाला. हेलसिंकीच्या योहान हेलसिंगियस यांनी १९९३ मध्ये एनॉन डॉट पेनेट नावाची सेवा सुरू केली. तुमच्या ई-मेलवरचं नाव काढून त्याजागी एक क्रमांक घालायचा आणि तो पुढे पाठवायचा, इतकं सोपं काम. लाखो लोकांनी ती वापरली. पण कुठला क्रमांक कुणाचा, ही यादी एकाच यंत्रावर होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या पंथाच्या तक्रारीवरून पोलीस वॉरंट घेऊन आले आणि हेलसिंगियस यांना एक नाव द्यावं लागलं. पुढच्या वर्षी न्यायालयाचा निकालही त्यांच्या विरोधात गेला, तेव्हा ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. माणूस प्रामाणिक होता, तरी यादी होती म्हणून ती मागता आली.

दरम्यान खासगीपणासाठी सांकेतिक लेखनाचा आग्रह धरणाऱ्या सायफरपंक मंडळींनी चॉम यांच्या कल्पनेवर रीमेलर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव काढून ई-मेल पुढे धाडणारे संगणक उभे केले. लान्स कॉट्रेल यांचा मिक्समास्टर त्यातला सर्वांत टिकाऊ.

टॉरचा उगम वेगळा. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी ओनियन राउटिंगवर काम सुरू केलं. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एन्क्रिप्शनचे, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचे थर, म्हणून हे नाव. त्यातूनच २००२ मध्ये टॉरचं जाळं चालू झालं. तीन टप्पे: पहिल्याला तुम्ही माहीत, शेवटच्याला तुम्ही कुठे जाताय ते माहीत, मधल्याला दोन्ही नाही. मात्र वेबसाइट झटपट उघडाव्यात म्हणून पत्रं साठवून ठेवण्याची चॉम यांची युक्ती इथे सोडून दिली गेली. दोन्ही टोकांवर एकाच वेळी नजर ठेवणारा वेळा जुळवून माग काढू शकतो, हे टॉर घडवणारे स्वतःच सांगत आले आहेत. त्यांच्यातल्याच रॉजर डिंगलडीन आणि निक मॅथ्यूसन यांनी जॉर्ज डॅनेझिस यांच्यासोबत २००३ मध्ये खास ई-मेलसाठी, चॉम यांच्यासारखं पत्रं साठवून सोडणारं मिक्समिनियन आखलं होतं. ते मागे पडलं. याची मला खरोखर खंत वाटते. वेबसाइटसाठी तासभर थांबणं अशक्य, पण पत्र तासभर उशिरा पोचलं तर बहुतेकदा काहीच अडत नाही.

टॉर काय लपवतो आणि काय नाही, हे २००७ मध्ये जगाला कळलं. स्वीडनच्या डॅन एगरस्टाड यांनी टॉरचे पाच एक्झिट नोड, म्हणजे वाटेतले शेवटच्या टप्प्याचे संगणक चालवले आणि तिथून बाहेर पडणारी माहिती वाचली. शंभर ई-मेल खात्यांचे पासवर्ड त्यांनी जाहीर केले. त्यात अनेक देशांच्या वकिलाती होत्या, भारताच्याही. शिवाय डीआरडीओ आणि पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. टॉरने मार्ग झाकला होता, पण मेल सर्व्हरपर्यंतचा शेवटचा टप्पा एन्क्रिप्ट केलेला नव्हता. ती खाती उघडणारे खरे मालक होते की पासवर्ड चोरलेले दुसरेच कुणी, ही शंकाही तेव्हा पुढे आली.

त्याच वर्षी पुण्यातच उलट बाजू दिसली. शिवाजी महाराजांच्या बदनामीचा मजकूर ऑर्कुट या समाजमाध्यमावर आल्याच्या प्रकरणात बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पुणे पोलिसांनी अटक केली. इंटरनेट कंपनीने दिलेली आयपी ॲड्रेसची माहिती चुकीची होती. निरपराध माणूस पन्नास दिवस येरवड्यात राहिला. ‘मी काही वाईट करत नाही, मग नोंदींची भीती कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

टॉरच्या आतच मेलपेटी देणारी टॉर मेल ही सेवा ऑगस्ट २०१३ मध्ये एफबीआयच्या हाती लागली. सगळ्यांची पत्रं एकाच ठिकाणी असल्याने ती एकदमच गेली. त्या डिसेंबरात हार्वर्डमध्ये परीक्षा चुकवण्यासाठी एका विद्यार्थ्याने टॉर आणि तात्पुरत्या मेलसेवेतून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फुटला नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं, एवढं पाहून तपास त्याच्यापर्यंत पोचला. गर्दी नसेल तर लपायला जागा नसते.

प्रोटॉन मेल या स्वित्झर्लंडच्या ई-मेल कंपनीने २०१७ मध्ये ओनियन पत्ता, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणारा पत्ता दिला, पण बहुतेक जण नेहमीच्याच वाटेने जात राहिले. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या कायदेशीर आदेशानुसार कंपनीला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी ॲड्रेस नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर कंपनीला वाचता येत नसल्याने तो सुरक्षित राहिला. टॉरवरून ये-जा असती तर द्यायला खरा आयपी ॲड्रेसही नसता.

भारतात ‘व्हीपीएन आहे ना’ असं सर्रास ऐकू येतं. पण व्हीपीएनमध्ये तुमची सगळी ये-जा एकाच कंपनीच्या सर्व्हरमधून होते, त्यामुळे दोन्ही टोकं त्या एकाच कंपनीला दिसतात. २८ एप्रिल २०२२ च्या, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांनी तर व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी ॲड्रेस किमान पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. एक्स्प्रेस व्हीपीएन, सर्फशार्क आणि पुढे प्रोटॉननेही भारतातले सर्व्हर काढून घेतले.