वांचाको

वांचाको : पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील मच्छीमार गाव व सर्फिंगचे (फळीवरून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाचे) प्रसिद्ध ठिकाण. ते ला लिबेर्ताद विभागात, त्रुहियो शहराच्या वायव्येस सु. १२ किमी. वर आहे. इंकांपूर्वीच्या चिमू राज्याची राजधानी चान चान हिचे कच्च्या विटांचे विस्तीर्ण अवशेष शहर आणि गाव यांच्या दरम्यान पसरले आहेत. २०१३ मध्ये गावासमोरच्या किनाऱ्याला ‘जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र’ हा दर्जा मिळाला. तो ‘सेव्ह द वेव्हज’ या बिगरसरकारी संस्थेने दिलेला असून त्यामागे कायद्याचे बळ नाही.

येथील कोळी तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची निमुळती नाव वापरतात. तिला ‘काबाय्यितो दे तोतोरा’ म्हणतात. पुळणीमागे भूजल लागेपर्यंत खड्डे खणून त्यांत तोतोरा लावतात, उंच वाढली की कापून उन्हात वाळवतात आणि दोन मोठ्या व दोन लहान जुड्या दोरीने करकचून आवळून नाव बांधतात. टोक वर वळवलेले असते, म्हणून फुटत्या लाटेतून ती बाहेर निघते. मागच्या खोलगट भागात जाळे व मासळी राहते. कोळी तिच्यावर गुडघे टेकून किंवा दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतो आणि उभ्या चिरलेल्या बांबूने वल्हवतो. परतताना तो लाटेवर स्वार होऊनच किनारा गाठतो. नाव पाणी पिऊन जड होते, त्यामुळे काम झाल्यावर ती पुळणीवर उभी करून निथळवतात. तरीही काही आठवड्यांतच नवी बांधावी लागते.

लाटेवर स्वार होण्याची कला प्रथम कोठे उदयास आली, याविषयी मतभेद आहेत. ती पेरूत तीन हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असे पर्यटनविषयक लिखाणात ठामपणे सांगितले जाते. १९६५ मध्ये लिमाजवळच्या पुंता रोकास येथे सर्फिंगची जागतिक स्पर्धा जिंकणारा पेरूचा फेलिपे पोमार हा या मताचा प्रमुख पुरस्कर्ता. मुख्य पुरावा मृत्पात्रांचा आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील प्राचीन मोचे संस्कृतीच्या (सु. पहिले ते आठवे शतक) भांड्यांवर लव्हाळ्याच्या नावा वारंवार दिसतात, तथापि त्यांवरील प्रसंग बहुधा मासेमारीचे, देवतांचे किंवा कैदी व घडे वाहून नेण्याचे आहेत. नाव फार जुनी आहे एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते. लाटेवरचा खेळ त्यांतून सिद्ध होत नाही. होसे दे आकोस्ता या जेझुइट धर्मोपदेशकाने १५९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात लव्हाळ्याच्या जुड्यांवर घोड्यासारखे बसून समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांचे वर्णन आहे, पण त्यांचा हेतू मासेमारीचाच दिसतो.

याउलट पॅसिफिक महासागरातील पॉलिनीशिया बेटांत केवळ आनंदासाठी लाटेवर स्वार होण्याची समकालीन वर्णने मिळतात : कॅप्टन कुकच्या सफरींतील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सचे ताहितीतील (१७६९) आणि नौदल अधिकारी जेम्स किंगचे हवाईतील (१७७९). फळीवर उभे राहण्याची आजची पद्धत हवाईतून पसरली, याविषयी फारसे दुमत नाही. पेरूतही ती तेथूनच आली. कार्लोस दोग्नी याने १९३० नंतरच्या दशकाअखेर हवाईहून फळी आणली आणि १९४२ मध्ये लिमाच्या मिराफ्लोरेस भागात ‘वायकीकी’ क्लब स्थापन केला. पॉलिनीशिया व दक्षिण अमेरिका यांच्यात प्राचीन संपर्क होता असे रताळ्याच्या प्रसारावरून, तसेच २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनावरून मानले जाते. मात्र तो संपर्क सु. तेराव्या शतकाच्या आगेमागे ठरवला जात असल्याने मोचे काळाला लागू पडत नाही. दोन्ही परंपरा स्वतंत्रपणे वाढल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

फुटणाऱ्या लाटांच्या जागा राज्याची मालमत्ता मानून त्यांचे रक्षण करणारा कायदा पेरूने २००० मध्ये केला. त्याचे नियम २०१३ मध्ये आले आणि नौदलाकडे नोंदवही ठेवण्याची व्यवस्था झाली. नोंदीसाठी समुद्रतळाच्या मोजणीसह तांत्रिक अहवाल लागतो. त्याचा खर्च अनेकदा लोकवर्गणीतून उभा राहिला. उत्तरेकडील चिकामाची सु. २ किमी. धावणारी लाट २०१६ मध्ये प्रथम नोंदली गेली.

वांचाकोवरील संकट मात्र गावापासून दूर निर्माण झाले आहे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा या किनाऱ्यावर तिरप्या आदळतात व वाळू सतत उत्तरेकडे वाहून नेतात. त्रुहियोच्या दक्षिणेस असलेल्या सालावेरी बंदरात गाळ साचू नये म्हणून समुद्रात दगडी बांध घातला व पुढे लांबवला. वाळू त्याच्या दक्षिणेला अडून राहिली आणि उत्तरेकडच्या पुळणी उपाशी राहिल्या. लास देलिसियास व बुएनोस आइरेस या वस्त्यांची पुळण प्रथम खचली, नंतर धूप वांचाकोपर्यंत पोहोचली. वस्त्यांपुढे रचलेले दगड घरे वाचवतात, पण गेलेली वाळू परत आणत नाहीत. बांधाजवळ अडलेली वाळू उपसून उत्तरेला टाकत राहणे हा उपाय सुचवला जातो. तो खर्चिक असून कायम चालू ठेवावा लागतो. लाटेभोवतीची जागा राखणारा कायदा दूरच्या बंदरात अडलेल्या वाळूचा प्रश्न सोडवू शकत नाही, ही त्याची मोठी उणीव होय.

धुपेची सर्वांत मोठी झळ तोतोराच्या खड्ड्यांना बसली आहे. ते पुळणीलगत असल्याने उधाणाचे खारे पाणी व रेती त्यांत शिरते आणि पीक जाते. काही खड्डे समुद्राने गिळले, काही आत हलवावे लागले. तरुण कोळ्यांपैकी पुष्कळजण आता सर्फिंग शिकवतात किंवा पर्यटकांना नावेतून फिरवतात. नाव बांधण्याचे कौशल्य मुख्यतः वडीलधाऱ्यांकडे उरले आहे.