ज्योतीनं आपली काजळी आपणच खावी

दिवाळीनंतर घर आवरताना बैठकीच्या खोलीतल्या फडताळाशी माझा हात थांबला. वर पांढऱ्या भिंतीवर पोळीएवढा धुरकट डाग पडला होता. बोट फिरवलं तर टोक काळं झालं. डागाच्या बरोबर खाली काचेच्या ग्लासातली मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती होती. भेट आलेली. सणाचे सगळे दिवस आम्ही ती संध्याकाळी हौसेनं लावत होतो. त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत आला: पॅराफिनच्या मेणबत्त्या म्हणजे विष, आजच फेका, सोया मेणाच्या घ्या, त्यांना काजळी धरतच नाही. माझ्या मेणबत्तीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘१०० टक्के सोया’.

तेव्हा मेण कुठलं यापेक्षा काजळी येते कुठून हे आधी पाहू. घरात मेणबत्ती सांभाळून लावण्याच्या निम्म्याअधिक गोष्टी त्या एका प्रश्नात आहेत.

काजळी आपल्याला नवी नाही. माझी आजी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची. थोड्या वेळानं ताटलीच्या पोटाला मखमलीसारखा काळा थर बसलेला असे. तो खरवडून तुपात खलला की काजळ तयार. (ते काजळ तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालायची पद्धत मात्र आता सोडायलाच हवी. त्यानं डोळे मोठे होत नाहीत, दृष्ट टळत नाही. बोटावरचे जंतू तेवढे डोळ्यांत जातात.) आजी ताटली ज्योतीला जवळजवळ टेकवून धरायची. ती वर उचलली की काजळ कमी धरायचं. असं का, हे मला फार उशिरा कळलं.

मेणबत्तीत मेण थेट जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेनं वातीभोवतीचं मेण वितळतं, केशाकर्षणानं वातीतून वर चढतं, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. खात्री करून घ्यायची तर मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाईल. ती म्हणजे थंड होऊन बारीक कणांत गोठलेली मेणाची वाफ. पेटती काडी वातीपासून बोटभर उंचीवर त्या रेघेला लावली, की ज्योत रेघेवरून खाली उडी मारून वात पेटवते. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. ही उडी त्यांनी तिथे करून दाखवली होती.

आता ज्योतीच्या आत शिरू. थोडं किचकट आहे, पण माझा सगळा जीव याच भागात आहे. वातीजवळच्या काळसर गाभ्यात मेणाची वाफ असते, ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तो बाहेरच्या हवेतून हळूहळू आत झिरपतो. आत उष्णता भरपूर, पण जळायला हवा नाही. मग वीस-तीस कार्बनांच्या त्या लांब साखळ्या जळण्याऐवजी तुटतात. तुकड्यांतून ॲसिटिलीनसारखे लहान रेणू तयार होतात, ते एकमेकांना जोडून बेंझीनसारखं कडं बनतं, कड्याला कडं लागत जातं, म्हणजेच बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन तयार होतात. ती वाढत वाढत थरावर थर चढले, की जन्माला येतो कार्बनचा घन कण, वीस-तीस नॅनोमीटर व्यासाचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). असे कण एकमेकांना चिकटून माळा होतात. हीच काजळी. धूर दिसण्याच्या कितीतरी आधी ती ज्योतीच्या पोटात तयार झालेली असते. आपण ज्याला ज्योतीचा पिवळा उजेड म्हणतो तो या कणांचाच, हजार अंशांच्या वर तापून ते लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखे झगमगत असतात. तळाशी जी निळी कड दिसते तिथे हवा पुरेशी मिळते, काजळी होत नाही, आणि म्हणून तिथे फारसा उजेडही नाही.

विश्वास बसत नसेल तर खिडकीतल्या उन्हात पेटती मेणबत्ती ठेवा आणि मागे पांढरा कागद धरा. ज्योतीची सावली पडते. त्यातही सगळ्यांत गडद सावली ज्योतीच्या सगळ्यांत तेजस्वी भागाची असते. प्रकाश देणाऱ्या वस्तूची सावली! तिथे घन कणांची दाटी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे कण ज्योतीत वर सरकत टोकाशी येतात. तिथे त्यांना बाहेरचा ऑक्सिजन भेटतो आणि ते जळून जातात. म्हणजे चांगली ज्योत काजळी करत नाही असं नाही. ती करते आणि बाहेर पडण्याआधी स्वतःच खाऊन टाकते. त्यासाठी टोकाशी साधारण हजार अंश सेल्सिअसचं तापमान टिकावं लागतं. त्याखाली उतरलं की कण अर्धवट राहून निसटतात. आजीची ताटली हेच करत होती. ज्योतीच्या पिवळ्या भागात थंड धातू घालून ती काजळीला जळण्याआधीच पकडत होती. लांब दांड्याचा स्टीलचा चमचा ज्योतीत दोन सेकंद धरा, काळा होतो. तोच पुसून स्थिर ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर धरा, नुसता तापतो.

मग माझ्या भिंतीवर काजळी आली कशी? पंखा. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात छताचा पंखा बंद करून मेणबत्ती कोण लावतं? झोत लागला की ज्योत वाकते, लपलपते, टोक थंड पडतं, आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी न खाल्लेल्या काजळीची एक बारीक बट वर निघून जाते. अंधाऱ्या भिंतीसमोर बाजूनं विजेरी धरली तर ती बट डोळ्यांना दिसते. एसीसमोरही हेच होतं. उंच ग्लासातली मेणबत्ती खाली खाली जळत गेली की बाहेर पडणारी तापलेली हवा आणि आत येणारी ताजी हवा एकाच तोंडातून भांडतात, आणि पंखा नसतानाही ज्योत नाचू लागते. ग्लासाच्या आतल्या काठाला काळं लागायला लागलं ते त्यामुळे.

दुसरं कारण वातीची लांबी. वात लांब म्हणजे मेण जास्त चढतं, वाफ जास्त होते, काजळी जास्त बनते, आणि ती खाऊन संपवायला टोकाशी हवा पुरत नाही. पूर्वी पिळाच्या वातीला काही काही मिनिटांनी कातरावं लागे, त्यासाठी युरोपात वेगळ्या कात्र्या असत. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये वेणीची वात आली. ती जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या हवेशीर, तापलेल्या कडेला पोचतं आणि आपोआप जळून जातं. शंभर ओळींच्या जाहिरातीपेक्षा मला या एका वाकड्या वातीचं कौतुक जास्त वाटतं! पण ग्लासातल्या सुगंधी मेणबत्त्यांची वात पुष्कळदा सरळ उभी राहते आणि टोकाला कार्बनचं अळंबीसारखं बोंड धरते. आपण समईची काजळी झाडतो तसंच हे. दर वेळी लावण्याआधी, मेण थंड असताना, वात ६ मिलिमीटरपर्यंत कातरायची, म्हणजे करंगळीच्या नखाच्या निम्म्याहून थोडी जास्त. बोंड ग्लासात पडू द्यायचं नाही.

आता सोया. सोया मेण म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. तेही मुख्यतः कार्बन-हायड्रोजनाचं आहे, तेही वाफ होऊन जळतं, त्याचीही ज्योत पिवळीच असते, म्हणजे तिच्या पोटातही काजळी आहे. मेणामेणांत फरक पडतो, पण वात किती लांब आणि वारा किती, याचा फरक त्याहून मोठा. मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती ‘ऋण आयन’ (ऋण विद्युतभाराचे कण) सोडून खोलीची हवा शुद्ध करते, हे तर निव्वळ थोतांड. जळणारी कुठलीही वस्तू हवा शुद्ध करत नाही. आणि मेणबत्तीला विष म्हणणाऱ्यांच्याच घरी सकाळ-संध्याकाळ धूप आणि उदबत्ती चालू असते. उदबत्तीला ज्योतच नसते, ती धुमसते. त्यामुळे धूर खाऊन टाकणारं तिथे कोणी नाही, सगळा खोलीत येतो. कासवछाप गुंडाळीचंही तेच.

वासाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. मोगऱ्याचा वास ज्योतीतून येत नाही. ज्योतीत गेलेलं अत्तर जळून जातं. वास येतो तो वातीभोवतीच्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून, तिथून सुगंधी तेल नुसतं उडत असतं. ज्योत म्हणजे त्या तळ्याखालची शेगडीच, फक्त वर बसलेली. म्हणून ज्योत मोठी केल्यानं वास वाढत नाही, काजळी वाढते. पहिल्यांदा लावताना तळं ग्लासाच्या कडेपर्यंत पसरू द्यावं, नाहीतर मधोमध विहीर पडते आणि वात त्यात बुडते. सलग चार तासांपेक्षा जास्त मात्र नको.

आणि खोलीची हवा? साधारण मेणबत्ती तासाला ५ ते ७ ग्रॅम मेण जाळते. ६ ग्रॅम धरले तर सुमारे १९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ८ ग्रॅम पाण्याची वाफ. स्वस्थ बसलेला माणूस तासाभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याच्या साधारण निम्मा हा. चार मेणबत्त्या म्हणजे दोन पाहुणे, आणि डास येतात म्हणून खिडक्या बंद! सुगंधी तेलांतले लिमोनिन, लिनॅलूलसारखे घटक हवेतल्या ओझोनशी मिसळून फॉर्माल्डिहाइड हा डोळ्या-नाकाला झोंबणारा वायू थोडासा तयार करतात. एखाद-दुसऱ्या मेणबत्तीनं हवेशीर खोलीत हे प्रमाण सहसा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या (अर्ध्या तासाला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम) खालीच राहतं. घरात कुणाला दमा असेल तर मात्र सुगंधी काहीही न लावलेलं बरं. त्या श्वासनलिकांना मर्यादा विचारून त्रास होत नाही. आम्ही आता पंखा बंद ठेवतो, मेणबत्ती कोपऱ्यात ठेवतो आणि शेजारच्या खोलीची खिडकी उघडतो. हवा बदलते, झोत लागत नाही.

फडताळात ठेवणं ही माझी दुसरी चूक. वरच्या फळीला आच लागत होती. वर मोकळी जागा हवी, आसपास पडदा नको, मेणबत्ती पेटती ठेवून झोपायचं किंवा बाहेर जायचं नाही. मेणात खोचलेल्या दालचिनीच्या काड्या आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या दिसायला सुंदर, पण त्या मेण शोषून दुसऱ्या वाती होतात. आत टाकलेली जळकी काडीही तशीच. दोन-तीन वाती झाल्या की तळं तापत जातं, आणि दोनशे अंशांच्या आसपास गेलं की मेणाच्या सगळ्या पृष्ठभागावरून उठणारी वाफ पेट घेते. अशा वेळी पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. पाणी जड, ते जळत्या मेणाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगतं आणि पेटतं मेण खोलीभर उडवतं. वर ताटली झाकायची आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

रोज विझवतानाही मी झाकणच ठेवते. फुंकर मारून दिवा मालवणं अशुभ, असं आजी म्हणायची. अशुभ काही नाही, आणि त्या समजुतीमागे विज्ञान दडलंय असंही मी म्हणणार नाही. फुंकरीनं गरम मेण उडतं, आणि ती पांढरी रेघ सगळी नाकाशी येते, एवढंच.

तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की मेणबत्ती संपली असं समजायचं. त्याखाली ज्योतीची आच थेट काचेच्या बुडाला लागते, बूड आणि कडा वेगवेगळ्या फुगतात आणि काच तडकते. उरलेलं मेण काढायला ग्लास गरम पाण्यात ठेवते, कड सुटली की वडी अलगद निघते. ती कचऱ्यात टाकायची. वितळवून मोरीत ओतली तर पुढच्या वळणावर पाइपात घट्ट बसते.